बँटम कोंबडी आणि कावेरीकाठची सिरुविडै

तामिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात कुंभकोणमपासून काही किलोमीटर पश्चिमेला वसलेले तिरुवलंचुळी हे गाव तेथील श्वेतविनायकासाठी प्रसिद्ध आहे. ही मूर्ती समुद्राच्या फेसापासून घडली, अशी आख्यायिका आहे. शेजारचे स्वामिमलई हे मुरुगनचे, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला कार्तिकेय म्हणतात त्या देवाचे, मोठे क्षेत्र आहे. मुरुगनच्या ध्वजावर कोंबडा असतो. कावेरीच्या खोऱ्यातील या भातशेतीच्या प्रदेशात कोंबडी देवळाच्या ध्वजावर आहे, तशीच ती परसातही आहे. तमिळ भाषेत परसातल्या लहान चणीच्या गावठी कोंबडीला ‘सिरुविडै’ म्हणतात, तर मोठ्या चणीच्या, झुंजार असील वंशाच्या कोंबडीला ‘पेरुविडै’ म्हणतात. ‘सिरु’ म्हणजे लहान आणि ‘पेरु’ म्हणजे मोठी.

जगभरात शोभेसाठी पाळल्या जाणाऱ्या लहान कोंबड्यांना ‘बँटम’ या नावाने ओळखले जाते. हे नाव जावा बेटावरील बांतेन या जुन्या बंदरावरून आले आहे. मसाल्याच्या व्यापारासाठी तेथे जाणारे युरोपीय खलाशी प्रवासात खाण्यासाठी लहान कोंबड्या बरोबर घेत आणि पुढे कोणत्याही लहान कोंबडीला तेच नाव चिकटले. बँटमचे साधारणपणे दोन वर्ग मानले जातात. ज्यांची मोठी आवृत्ती अस्तित्वातच नाही ते खरे बँटम आणि मोठ्या जातीपासून निवडीने लहान केलेले दुसरे. सेब्राइट, जपानी चाबो आणि मलेशियातील सेरामा हे पहिल्या वर्गात मोडतात. सेब्राइट जातीच्या नराचे वजन सुमारे ६२० ग्रॅम व मादीचे ५१० ग्रॅम भरते. सेरामा तर त्याहूनही लहान असते. या मापाने पाहिल्यास सिरुविडै बरीच जड ठरते व तिला बँटम म्हणता येत नाही. तरीही लहान चण टिकवून रंग आणि ठेवण साधण्याचे जे प्रश्न बँटम पाळणाऱ्यांपुढे उभे राहतात, ते सिरुविडैची हौसेने निपज करणाऱ्यालाही चुकत नाहीत.

ठेवण म्हणजे पक्ष्याची एकूण आकृती. पाठीची लांबी, शेपटीचा कोन, पंखांची धरण, पायांची उंची, छातीचा फुगवटा आणि डोक्यावरचा तुरा हे सर्व त्यात येते. या हौसेच्या इतिहासात सर जॉन सेब्राइट (१७६७–१८४६) या इंग्रज सरदाराचे नाव आवर्जून घ्यावे लागते. सोनेरी किंवा रुपेरी पिसाला चारही बाजूंनी काळी किनार असलेली कोंबडी त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी निवडीने तयार केली. या जातीच्या नराला कोंबड्याची लांब, वळलेली शेपटीची पिसे नसतात. त्याचा पिसारा मादीसारखाच असतो. त्वचेतील एक विकर नर संप्रेरकाचे रूपांतर मादी संप्रेरकात करते, हे त्याचे कारण पुढे उलगडले. पाळीव प्राणी आणि वनस्पती यांच्यातील बदलांवरील १८६८ सालच्या ग्रंथात चार्ल्स डार्विन यांनी या पक्ष्याची दखल घेतली आहे. मात्र या सौंदर्याची किंमतही आहे. सेब्राइटचा तुरा गुलाबतुरा या प्रकारचा असतो आणि ज्या नरात गुलाबतुऱ्याचे जनुक दोन्ही बाजूंनी आलेले असते, त्याची प्रजननक्षमता कमी असते. सेब्राइटची अंडी पुरेशी फळत नाहीत, ही पाळणाऱ्यांची जुनी तक्रार आहे.

रंगाचे गणित त्यामानाने सोपे आहे, कारण बरेचसे रंग मोजक्या जनुकांवर अवलंबून असतात. मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे विल्यम बेटसन यांनी १९०२ मध्ये कोंबड्यांच्या तुऱ्यांवरूनच दाखवून दिले होते. निळसर राखी रंगाचे उदाहरण नेहमी दिले जाते. दोन निळ्या पक्ष्यांची जोडी लावली तर सरासरीने पाव पिल्ले काळी, अर्धी निळी आणि पाव पांढुरकी, ठिपकेदार निघतात; निळा रंग कधीही ‘शुद्ध’ होत नाही. सर्व पिल्ले निळी हवी असतील तर काळ्या पक्ष्याची जोडी पांढुरक्या ठिपकेदार पक्ष्याशी लावावी लागते. बाजारात नाकारला जाणारा पक्षीच येथे उपयोगी ठरतो, हे नवशिक्या हौशी पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही. सोनेरी व रुपेरी छटा लिंगाशी जोडलेल्या असतात. सोनेरी नर आणि रुपेरी मादी यांच्या पिल्लांत नर रुपेरी आणि माद्या सोनेरी निघतात, त्यामुळे अंड्यातून बाहेर पडताच पिल्लाचे लिंग ओळखता येते. उलट जोडी लावल्यास हा फरक दिसत नाही.

ठेवणीचे तसे नाही. तिच्यामागे अनेक जनुके असतात, त्यामुळे ती एकदोन पिढ्यांत हाती लागत नाही. काही वेळा तर ती हाती लागूच शकत नाही. जपानी चाबो या जातीचे सारे देखणेपण तिच्या अत्यंत आखूड पायांत आहे. हे पाय ज्या जनुकामुळे येतात, ते दोन्ही पालकांकडून आल्यास पिल्लू अंड्यातच मरते. दोन आखूड पायांच्या पक्ष्यांची फळलेली १२ अंडी उबवली, तर सरासरीने ३ पिल्ले जन्मापूर्वीच मरतात, ६ आखूड पायांची निघतात आणि ३ उंच पायांची. आखूड पायांच्या पक्ष्याची जोडी उंच पायांच्या पक्ष्याशी लावली तर या जनुकाने कोणतेही पिल्लू मरत नाही, मात्र निम्मी पिल्ले प्रदर्शनास निरुपयोगी ठरतात. यातले काय पत्करायचे, हे पाळणाऱ्याला ठरवावे लागते. पाव पिल्ले अंड्यातच मरू देऊन मिळवलेल्या पदकापेक्षा दुसरी वाट निश्चितच बरी.

याहून मोठा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. हौशी पाळणारा बहुधा एकच उत्तम कोंबडा निवडतो आणि त्याच्याबरोबर ८–१० माद्या ठेवतो. एक नर आणि १० माद्या मिळून ११ पक्षी होतात. परंतु पिढीतील प्रत्येक पिल्लाचा बाप एकच असल्याने आनुवंशिक दृष्टीने हा कळप अवघ्या ३.६ पक्ष्यांइतका असतो. चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले नर-माद्यांची बेरीज, असे हे सूत्र आहे. अशा कळपात दर पिढीला अंतःप्रजनन सुमारे १४ टक्क्यांनी वाढते. त्याच १० माद्यांना ५ नर दिले तर कळप १३.३ पक्ष्यांइतका होतो आणि वाढ पावणेचार टक्क्यांवर येते. बाप-लेक किंवा सख्ख्या भावंडांच्या एकाच जोडीतून होणारी पिल्ले थेट २५ टक्के अंतःप्रजननाची असतात. परिणाम हळूहळू दिसू लागतात. अंडी फळत नाहीत, पिल्ले अशक्त निघतात, कोंबडी लहान आणि देखणी राहते पण तिचा वंश खुंटतो. म्हणूनच जाणकार पाळणारे पायांत क्रमांकाच्या कड्या घालून वंशावळीची वही ठेवतात आणि दोन-तीन स्वतंत्र घराणी सांभाळून नर आलटून पालटून वापरतात.

तामिळनाडूत ठेवणीची हौस सर्वाधिक दिसते ती असील कोंबड्यांत. ‘किळिमूक्कु विसिरिवाल’ म्हणजे पोपटचोच आणि पंख्यासारखी शेपटी असलेला असील दिंडिगल व आसपासच्या भागात प्रदर्शनांसाठी पाळला जातो. आखूड, वाकडी चोच, डोक्याची घडण आणि लांब शेपूट यांवर त्याची पारख होते. उत्तम नराला लाखांत किंमत आल्याच्या बातम्या अधूनमधून प्रसिद्ध होतात. प्राण्यांच्या झुंजी लावणे १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरले आहे. प्रदर्शनात मात्र पक्ष्याच्या अंगावर जखम होत नाही आणि वंशही टिकतो. असीलच्या रंगांना देशभर स्वतंत्र नावे आहेत: सोनेरी-तांबडा तो पिला, काळा-तांबडा याकूब, पांढरा नुरी, काळा कागर, काळा-पांढरा चित्ता, तपकिरी टीकर आणि फिकट तांबडा रेझा. ही नावे झुंजीच्या जगातून आली असली, तरी ती रंगाच्या बारीक पारखीची साक्ष देतात. सिरुविडैच्या वाट्याला मात्र अशी पारख फारशी आलेली नाही.

कावेरीच्या खोऱ्यात लहान कोंबडी पाळताना हवामानाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येथे ईशान्य मोसमी पाऊस असतो. त्या दिवसांत पायांवर पिसे असलेल्या, पेकिनसारख्या जातींची पिसे चिखलाने जड होतात आणि पायांच्या खवल्यांत किडी वाढतात. उन्हाळ्यात कोंबडीला घामावाटे उष्णता टाकता येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. कडक उन्हात पांढरी पिसे पिवळट पडतात व काळ्यांवर तांबूस झाक येते. त्यामुळे प्रदर्शनाचा पक्षी सावलीतच वाढवतात. खुराड्यात भाताचे तूस अंथरण्याची सोय येथे मुबलक आहे, ते ओले होताच बदलावे एवढेच.

अंडी उबवण्यास २१ दिवस लागतात, बँटमची पिल्ले बऱ्याचदा एखादा दिवस आधी बाहेर पडतात. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे ती दर आठवड्याला थोडी कमी करतात. पिल्ले लहान राहावीत म्हणून त्यांना अर्धपोटी ठेवणे चुकीचे आहे. लहान चण ही निवडीतून यावी, उपासमारीतून नव्हे. घरची कोंबडी खुडूक होत असेल तर यंत्राची गरजच राहत नाही. सिरुविडै वेळोवेळी खुडूक होते. व्यापारी अंड्यांच्या जातींतून निवडीने काढून टाकलेला हा गुण तिच्यात शाबूत आहे. रंगासाठी किंवा अधिक अंड्यांसाठी तिचा संकर केला, की हाच गुण सर्वप्रथम हातचा जाण्याची भीती असते.

रोगांपैकी मानमोडी, म्हणजे राणीखेत, सर्वांत घातक. या रोगाची पहिली नोंद १९२६ च्या सुमारास इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे आणि बँटम नावाचे मूळ असलेल्या जावा बेटावरच झाली. पहिल्या आठवड्यात लासोटा किंवा एफ आणि सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बी ही लस टोचून घेतल्यास त्यापासून संरक्षण मिळते. बर्ड फ्लूसमोर मात्र पाळणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला प्रादुर्भाव आढळला, तेव्हा बाधित क्षेत्रातील सर्व कोंबड्या नष्ट करण्यात आल्या. व्यापारी कोंबड्या पुन्हा विकत आणता येतात; वीस वर्षे निवडून घडवलेला रंग आणि ठेवण बाजारात मिळत नाही. एकाच खुराड्यात सारा वंश ठेवू नये, हा सल्ला त्यामुळेच दिला जातो. एकाच वंशाचे पक्षी निदान दोन-तीन गावांत, वेगवेगळ्या पालकांकडे असावेत.

तंजावर जिल्ह्यातील ओरतनाडु येथे तामिळनाडू पशुवैद्यक विद्यापीठाचे महाविद्यालय आहे. याच ओरतनाडुत तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे यांनी मुक्तांबाळच्या नावे बांधलेले छत्र आजही उभे आहे. तिरुवलंचुळी परिसरातील पाळणाऱ्याला लस, रोगनिदान आणि सल्ला यांसाठी जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. सिरुविडैमध्ये रंग जमवू पाहणाऱ्याने निदान ५ नर आणि १५–२० माद्यांपासून आरंभ करावा, पहिल्या दोन पिढ्यांत फक्त चण आणि खुडूक होण्याचा गुण पाहावा आणि रंगाची निवड तिसऱ्या पिढीपासून सुरू करावी.