ग्वाई हानास

ग्वाई हानास : कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडील हैदा ग्वाई द्वीपसमूहाच्या दक्षिण टोकाचे संरक्षित क्षेत्र. जमीन सुमारे १,४७० चौ. किमी., भोवतालचा संरक्षित समुद्र तिच्या दुपटीहून मोठा. येथे रस्ता पोहोचत नाही. बोटीने यायचे, नाहीतर पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने. तांबडा सीडार, सिटका स्प्रूस आणि हेमलॉक यांचे दाट वर्षावन थेट किनाऱ्यापर्यंत उतरलेले आहे.

हे जंगल माणसांचेही घर होते. हैदा लोक सीडारच्या खोडातून होड्या, घरे व कोरीव स्तंभ घडवत, सालीपासून टोप्या-चटया विणत. १८६२ साली आलेल्या देवीच्या साथीने गावेच्या गावे ओस पडली. दहा हजारांवर असलेली वस्ती शतकाअखेर सहाशेच्या आसपास आली, आणि वाचलेले लोक उत्तरेकडे स्किडगेट व ओल्ड मॅसेट येथे एकवटले. दक्षिणेची बेटे ‘निर्जन’ झाली ती अशी.

विसाव्या शतकात तेथे लाकूडतोड पसरू लागली. १९८५ मध्ये हैदांनी हा प्रदेश आपला वारसा म्हणून स्वतःच जाहीर केला आणि लायल बेटावर वाट अडवून बसले. ७२ जणांना अटक झाली. त्यांत समाजातील ज्येष्ठ मंडळीही होती. पुढे तोड थांबली. १९९३ चा करार मोठा मजेशीर आहे : जमिनीची मालकी कोणाची याबद्दल हैदा राष्ट्र आणि कॅनडा सरकार यांनी आपापली परस्परविरोधी मते कागदावर शेजारी-शेजारी नोंदवली, वाद तसाच ठेवला आणि कारभार मात्र समसमान प्रतिनिधींच्या मंडळाकडे दिला.

प्रत्यक्ष राखण करतात ते ‘वॉचमन’. स्तंभांच्या शेंड्यावर उंच टोपी घातलेल्या पहारेकऱ्यांच्या आकृती कोरलेल्या असतात. त्यांचेच नाव १९८१ पासून हैदा स्त्री-पुरुष राखणदारांनी घेतले आहे. उन्हाळ्यात ते जुन्या गावांच्या जागी मुक्काम करतात. पाहुण्याने उतरण्याआधी रेडिओवरून परवानगी मागायची, आणि एका वेळी बाराच जणांना किनाऱ्यावर प्रवेश. जागतिक वारसा ठरलेल्या स्गंग ग्वाय येथील जुने स्तंभ हैदांच्या इच्छेनुसार निसर्गक्रमानेच जीर्ण होऊ दिले जातात. संग्रहालयवाल्यांना हे रुचायचे नाही. नवेही उभे राहतात : कराराला वीस वर्षे झाली तेव्हा, २०१३ मध्ये, लायल बेटावरच एक स्तंभ उभारला गेला, त्यावर हातात हात गुंफलेली आंदोलक माणसे कोरलेली आहेत.

आजची डोकेदुखी करवतीची नाही, हरणांची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाहेरून आणून सोडलेली ही हरणे, त्यांना खाणारा लांडगा येथे नसल्याने, बेसुमार वाढली आणि सीडारची रोपे कोवळेपणीच फस्त करू लागली. होडी कोरण्याजोगे खोड तयार व्हायला शतके लागतात. म्हणून २०१७ मध्ये रॅम्झीसारख्या काही बेटांवरून हरणे हटवण्याची मोहीम हाती घेण्यात आली.