भाई दयासिंह : जफरनाम्याचे वकील व त्यांच्या नांवावरील रहितनामा

कर्जत तालुक्यांतील कशेळें हें गांव भीमाशंकराच्या डोंगररांगेच्या पश्चिमेस, कोथळीगड ऊर्फ पेठच्या किल्ल्याच्या वाटेवर आहे. संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत, १६८४ सालीं, हा किल्ला मोंगलांनीं घेतला. ज्या मोहिमेंत ही घटना घडली ती १६८१ सालीं सुरू झाली व १७०७ सालीं औरंगजेबाच्या मृत्यूबरोबर अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) येथें संपली. या पंचवीस वर्षांत बादशाहाचा दरबार म्हणजे दक्षिणेंतील त्याची छावणी होय. लाहोर असो वा काबूल, ज्यास बादशाहापाशीं दाद मागावयाची असे त्यास नर्मदा उतरून इकडेच यावें लागे. त्यामुळें पंजाबच्या इतिहासांतील कांहीं प्रश्नांचा उलगडा महाराष्ट्राच्या शकावलीवरून होतो. असा एक प्रश्न भाई दयासिंहांच्या चरित्रांत आहे. त्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

दयासिंहांचें मूळ नांव दयाराम. ते लाहोरचे सोबती कुळांतील खत्री. त्यांचे वडील सुद्धा हे नववे गुरु तेगबहादुर यांचे अनुयायी असून १६७७ सालीं सहकुटुंब आनंदपुरास येऊन राहिले, अशी परंपरा आहे. दयारामांस पंजाबी व फारसी या भाषा अवगत होत्या व आनंदपुरास त्यांनीं गुरुवाणीचा आणि प्राचीन ग्रंथांचा अभ्यास केला, असें शीख चरित्रकार लिहितात. १६९९ च्या वैशाखीस गुरु गोविंदसिंहांनीं भर सभेंत शिर मागितलें, तेव्हां प्रथम उठले ते दयाराम. 'पंज प्यारे' म्हणून प्रसिद्ध असलेल्या पांच पुरुषांत त्यांचा मान पहिला. या पांचांपैकीं साहिबसिंह हे आमच्या दक्षिणेंतील बिदरचे होते, हेंही येथें नमूद करणें योग्य होईल. चमकौरच्या लढाईंत साहिबसिंह, हिंमतसिंह व मोहकमसिंह हे तिघे पडले; दयासिंह व धर्मसिंह गुरूंबरोबर गढींतून बाहेर पडले.

त्यानंतर गुरु पंजाबांतील माळवा प्रांतांत दीना या गांवीं आले व तेथून त्यांनीं औरंगजेबास फारसी पद्यांत एक पत्र लिहिलें. हेंच 'जफरनामा' होय. त्याचे सामान्यतः १११ बैत धरतात. वृत्त फिरदौसीच्या शाहनाम्याचें आहे. कुराणावर घेतलेली शपथ मोडली गेली, हा त्यांतील मुख्य आरोप. असें पत्र पोंचविण्यास नुसता जासूद पुरेसा नव्हता. फारसी जाणणारा, दरबारीं उभा राहून बोलूं शकणारा व गुरूंच्या पूर्ण विश्वासांतला पुरुष पाहिजे होता. ही कामगिरी दयासिंहांकडे आली. धर्मसिंह बरोबर होते. ते औरंगाबादेवरून अहमदनगरास गेले व बादशाहाची भेट सहजासहजीं होईना म्हणून त्यांस तेथें खोळंबून राहावें लागलें, असें परंपरा सांगते.

आतां कालनिर्णयाचा प्रश्न. आनंदपूर सोडल्याची व चमकौरच्या लढाईची घटना कोणी डिसेंबर १७०४ मधील मानतात, कोणी डिसेंबर १७०५ मधील. पहिला पक्ष धरल्यास पत्र १७०५ सालच्या पूर्वार्धांत लिहिलें गेलें असें होतें. परंतु त्या वर्षीं बादशाह अहमदनगरास नव्हताच. फेब्रुवारीपासून एप्रिलअखेरपर्यंत तो वाकिनखेड्याच्या वेढ्यांत गुंतला होता. पुढें कृष्णाकांठीं देवापूर येथें तो आजारी पडला व ऑक्टोबरपर्यंत तेथेंच राहिला. अहमदनगरास तो पोंचला जानेवारी १७०६ मध्यें. तेव्हां पत्र अहमदनगरींच दिलें गेलें ही परंपरा ग्राह्य धरावयाची असेल, तर तें जानेवारी १७०६ पूर्वीं दिलें जाणें शक्य नाहीं. दुसऱ्या पक्षाशीं हें सहज जुळतें. पहिला पक्ष धरणारास मात्र वकिलांच्या प्रवासांत व खोळंब्यांत कित्येक महिने गेले असें मानावें लागेल. आम्ही या वादाचा येथें निकाल लावीत नाहीं. पण तो लावतांना बादशाही छावणीच्या मुक्कामांची यादी पुढें ठेवलीच पाहिजे, एवढें आमचें म्हणणें आहे.

ही वकिली केवळ भाविकांची कथा नव्हे, यास समकालीन पुरावा आहे. इनायतुल्लाखानानें संग्रहित केलेल्या 'अहकाम-इ-आलमगिरी' या फारसी ग्रंथांत गुरूंकडून वकील व पत्र आल्याचा उल्लेख असून, गुरूंचें समाधान करून त्यांस हुजूर पाठवावें, असा लाहोरच्या मुनीमखानास हुकूम आहे. वकिलाचें नांव दयासिंह हें परंपरा सांगते, व वकील आला होता हें सरकारी दफ्तर सांगतें. दोन स्वतंत्र साधनें अशीं एके ठिकाणीं मिळतात तेव्हां संशोधकास पाय रोवावयास जागा मिळते.

भेट मात्र झाली नाहीं. गुरु दक्षिणेकडे निघाले असतां राजपुतान्यांतच औरंगजेबाच्या निधनाची वार्ता आली. दयासिंह पुन्हां गुरूंस मिळाले व बहादुरशाहाच्या छावणीबरोबर १७०८ सालीं नांदेडास आले. त्या वर्षींच्या ऑक्टोबरांत गुरूंचें देहावसान झालें. त्यानंतर लवकरच दयासिंहही गोदातीरीं वारले. नांदेडास त्यांचें व धर्मसिंहांचें संयुक्त स्मारक आहे.

दयासिंहांच्या पश्चात् त्यांचें नांव दोन मार्गांनीं टिकलें. एक शिष्यपरंपरेचा : संस्कृत विद्येचा व्यासंग करणाऱ्या निर्मला पंथांतील कांहीं शाखा आपलें मूळ त्यांच्यापाशीं नेतात. दुसरा ग्रंथाचा : खालशाच्या आचारधर्माचे जे अनेक 'रहितनामे' आहेत, त्यांतील एक दयासिंहांच्या नांवावर आहे. त्याची मांडणी गुरु व दयासिंह यांच्या संवादाची आहे. परंतु तो त्यांच्या हयातींतील नसून पुष्कळ मागाहूनचा आहे, असें मॅक्लाउड यांच्यासारख्या अभ्यासकांचें मत आहे, व तेंच आम्हांस सयुक्तिक वाटतें. ज्यानें पहिल्यानें शिर देऊं केलें त्याच्या मुखांतून आलेला नियम अधिक प्रमाण ठरणार, हें लिहिणारानें ओळखलें होतें. आम्हां मराठी वाचकांस ही गोष्ट नवी नाहीं. विष्णुदास नाम्याचे अभंग नामदेवांच्या गाथेंत मिसळले, ते निवडतांना आमच्या विद्वानांस किती श्रम पडले हें सर्वश्रुत आहे.

म्हणून तो रहितनामा टाकाऊ ठरतो काय? मुळींच नाहीं. तो १७०८ पूर्वींच्या आनंदपुराचा साक्षीदार नाहीं. तो ज्या काळीं लिहिला गेला त्या काळच्या खालशाचा साक्षीदार आहे. ग्रंथाचा कर्ता व ग्रंथाचा काळ हे दोन प्रश्न वेगळे ठेवले म्हणजे भक्तीसही धक्का लागत नाहीं व इतिहासासही. आणि दयासिंहांच्या थोरवीस या पोथीचा आधार लागत नाहीं. त्यांचें काम अहमदनगरच्या वाटेवर झालेलें आहे.

पोथ्यांच्या संग्राहकांस आमची एक विनंती आहे. नगर, औरंगाबाद व नांदेड या भागांत गुरुमुखी वा फारसी पोथी हातीं आल्यास केवळ पहिल्या पानावरील नांवावर भिस्त ठेवूं नये. अखेरचें पान, लेखनाची मिती, नकलकाराचें नांव, मालकांच्या नोंदी व कागदाचा प्रकार यांचें टिपण प्रथम करावें. आणि बांधणी नवी करावयाची झाल्यास जुनीं पानें व पुठ्ठे जपून ठेवावे. कर्त्याचें नांव कोणीही मागाहून घालूं शकतो. या बारीकसारीक खुणा सहसा कोणी बनवीत नाहीं.