मार्न नदीतला बग

फ्रान्सला ऑनसाईट होतो तेव्हाची गोष्ट. एका सहकाऱ्याने वडिलांचा जुना, दोन नळ्यांचा स्कूबा रेग्युलेटर दुरुस्तीला काढला होता. पितळी भाग शाबूत. आतला रबरी पडदा आणि उच्छ्वासाची झडप मात्र कडक होऊन चिरलेली. म्हटलं, नवी झडप सरळ तोंडापाशी बसव ना, मानेमागे जाणारी एक नळी वाचेल! तो नुसता हसला.

उत्तर १९४३ सालातलं. युद्धात पेट्रोलची टंचाई, म्हणून मोटारी गॅसवर चालवायला इंजिनिअर एमिल गान्यांने एक झडप केली होती. तीच त्याने कुस्तोसाठी बदलली. मार्न नदीत चाचणी झाली. आडवं पोहताना ठीक. उभं राहिलं की हवा भसाभस वाया, डोकं खाली केलं की श्वास मिळेना. कारण पडदा आणि उच्छ्वासाची झडप वेगवेगळ्या खोलीवर, म्हणजे पाण्याचा दाबही वेगळा. दोन्ही शेजारी आणले, बग गेला.

म्हणजे मी 'फालतू' म्हणून काढायला निघालो होतो, ती नळी हाच तर बगफिक्स! आमच्याकडे फार तर सर्व्हर पडतो हो, इथे माणूस पाण्याखाली असतो. तेव्हापासून जुन्या कोडमधली विचित्र ओळ खोडण्याआधी ती कोणी, का लिहिली ते शोधतो.