इंचांचा मोह आणि दहा बाय बाराची खोली

टॉवर स्पीकरमधला वूफर मुका झाला की परभणीत दुकानदारापासून मित्रमंडळींपर्यंत सगळे एकच सल्ला देतात: निदान बारा इंची सबवूफर घ्या, पंधरा परवडला तर उत्तमच, वॅट जितके जास्त तितके बरे, आणि टॉवर भंगारात घाला. सल्ला इतक्या ठामपणे दिला जातो की तो खोडण्याआधी त्याची बाजू नीट मांडली पाहिजे.

ती बाजू कच्ची नाही. 1933 साली बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं की माणसाचा कान खालच्या स्वरांना मंद असतो. 30 हर्ट्झचा आवाज 1000 हर्ट्झइतका मोठा वाटायला कितीतरी जास्त दाब लागतो. शिवाय दाब तोच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं तर चौपट हवा हलवावी लागते. 40 हर्ट्झला आरामात चालणारा स्पीकरचा कोन (शंकू) 20 हर्ट्झला धापा टाकतो. म्हणून मोठा कोन, म्हणून मोठी ताकद. पंचवीस-तीस फुटी दिवाणखान्यासाठी मी हे निमूट मान्य करेन. पण वसमत रोड किंवा जिंतूर रोडच्या वसाहतींत सिनेमा बघायची खोली बहुधा दहा बाय बाराची, फार तर बारा बाय पंधराची. तिथे हा सल्ला पहिल्याच पायरीवर घसरतो.

पहिली पायरी म्हणजे नेमकं गेलंय काय ते बघणं. पॉवर्ड टॉवर म्हणून दोन निराळ्या वस्तू विकल्या जातात. एकीत वरचे छोटे स्पीकर रिसीव्हरकडून आलेल्या तारेवर चालतात आणि फक्त खालच्या वूफरसाठी पेटीत वेगळा अॅम्प्लिफायर असतो. त्याचा बोर्ड गेला तर संवाद ऐकू येतात, तळ तेवढा नाहीसा होतो. दुसरी म्हणजे ब्लूटूथ-यूएसबीवाली जोडी. तिच्यात बहुधा एकाच टॉवरमध्ये दोघांचा मिळून अॅम्प्लिफायर असतो. आयसी उडाली की दोन्ही गप्प. या दुसऱ्या प्रकारच्या मालकाच्या गळ्यात सब मारणं ही दिशाभूल आहे. त्याला आधी अॅम्प्लिफायर हवा.

पहिल्या प्रकारचे टॉवर मात्र भंगार नाहीत. त्यांचे वरचे स्पीकर चार-पाच इंची असतात, आणि खाली वूफर आहे या भरवशावर बनवणाऱ्याने त्यांना साधारण 100 हर्ट्झच्या खाली फारसं काम दिलेलं नसतं. म्हणजे वूफर मेल्यावर भगदाड पडतं ते ढोबळमानाने 40 ते 120 हर्ट्झच्या पट्ट्यात. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर 85 हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. बेस गिटारची सर्वांत जाड तार 41 हर्ट्झची. पखवाजाच्या डाव्या तोंडाचा घुमाराही याच भागात. आणि दुकानात मिरवला जातो तो आकडा कोणता? 20 हर्ट्झ. भूकंपाचे आणि स्फोटांचे प्रसंग सोडले तर तिथे फारसं काही नसतं, आणि आपल्या टॉवरचा वूफर धडधाकट होता तेव्हाही बहुधा तिथवर पोचत नव्हता. गेलं एक आणि विकत आणलं दुसरं, असा हा व्यवहार होतो.

जाणकारांतही एक पढीक मत आहे: टॉवर रिसीव्हरमध्ये ‘स्मॉल’ करा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे स्वर सबकडे जातात ती सीमा) 80 हर्ट्झला ठेवा, झालं. टीएचएक्सने रूढ केलेला हा आकडा धडधाकट स्पीकरसाठी उत्तम आहे. अर्ध्या मेलेल्या टॉवरला तो लावला तर 80 आणि 110 च्या मधला भाग ना टॉवर वाजवतो ना सब. इथे क्रॉसओव्हर 100-120 पर्यंत वर न्यावा लागतो. तसं केलं की दुसरी अडचण उभी राहते: साधारण 80 च्या वर आवाज कुठून येतोय ते कानाला कळू लागतं. सब सोफ्यामागे ठेवला तर नायक पडद्यावर आणि त्याच्या आवाजाचा खर्ज आपल्या पाठीशी. म्हणून सब टॉवरच्या जवळच, समोरच्या भिंतीशी हवा. पंधरा इंची पेटी तिथे मावत नाही. ती जागा मिळेल तिथे, म्हणजे दाराआडच्या कोपऱ्यात जाते, आणि कोपरा खोलीतला प्रत्येक घुमारा पुरेपूर जागवतो.

आता इंच. कोन किती रुंद यापेक्षा तो किती हवा हलवतो हे महत्त्वाचं, आणि ते क्षेत्रफळ गुणिले हालचाल असं निघतं. बारा इंची कोनाचं कामाचं क्षेत्रफळ साधारण 480 चौरस सेंटिमीटर, दहा इंचीचं 330. स्वस्त बारा इंची 8 मिलिमीटर हलला तर 384 घनसेंटिमीटर हवा. दणकट दहा इंची 16 मिलिमीटर हलला तर 528. छोटा जिंकला. त्यात स्पीकरच्या पेट्यांबद्दलचा हॉफमनचा जुना नियम आहे: छोटी पेटी, खोल बेस आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज या तिन्हींपैकी दोनच पदरात पडतात. बारा इंची कोन दहा इंचीच्या पेटीत कोंबला तर इंच दिसतात, खोल बेस हरवतो. लग्नाच्या वरातीत डीजेच्या अठरा इंची पेट्या छाती हलवतात, त्यावरून आपल्याकडे इंचांचा हा हिशेब रुजला असावा. पण त्या पेट्या मैदानात मोठा आवाज करायला बांधलेल्या असतात. साधारण 40 हर्ट्झखाली त्याही हात टेकतात.

वॅटचं तर आणखी लवकर आटोपतं. वॅट दुप्पट केले की वाढतात 3 डेसिबल. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. आणि खोक्यावर पीएमपीओ (जाहिरातीतले फुगवलेले वॅट) छापलं असेल तर तो आकडा वाचूच नये.

खरा निकाल खोली लावते. बारा फूट म्हणजे 3.66 मीटर, या लांबीत 47 हर्ट्झची अर्धी लाट नेमकी बसते आणि तो स्वर फुगतो. दहा फूट रुंदीत 56 हर्ट्झ. स्लॅबही दहा फुटांवर असेल तर उंचीचाही 56 च, म्हणजे तोच स्वर दोनदा फुगणार. लांबीच्या बरोबर मध्यावर बसलेल्याला 47 हर्ट्झ जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि भिंतीला टेकलेल्या दिवाणावरच्या माणसाचे कान त्याच स्वराने भरून जातात. (मे महिन्यात 42 अंशाला ध्वनीचा वेग वाढतो आणि 47 चे 49 होतात. परभणीचा उन्हाळा इथेही सोडत नाही.) यावर पंधरा इंचांचा काही इलाज चालत नाही. मोठा सब मुळात वाईट नाही, हे स्पष्ट सांगतो. बिघडतं ते तो एकटा असल्याने. टॉड वेल्टी यांनी 2002 साली हार्मन कंपनीत याच प्रश्नाचा अभ्यास मांडला. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सब वेगवेगळ्या खुर्च्यांवरचा फरक बराच कमी करतात, असा त्याचा निष्कर्ष. आपल्याला क्रॉसओव्हर वर न्यावा लागतो म्हणून मागच्या भिंतीची सोय नाही. पण दोन्ही टॉवरशेजारी एकेक सब ठेवला तरी रुंदीचा 56 चा फुगवटा बराच दबतो, कारण तो स्वर दोन्ही बाजूंनी परस्परविरोधी जागवला जातो. एका बारा इंचीच्या पैशात दोन आठ किंवा दहा इंची येत असतील तर मी डोळे झाकून दोन घेईन.

पेटी बंद की भोकाची, या प्रश्नात अमेरिकी घरांपुरती भोकाची बाजू रास्त आहे. लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकलेल्या भिंती थरथरतात आणि खर्ज गिळतात. आपल्या विटा-सिमेंटच्या भिंती, फरशी आणि स्लॅब तो परत खोलीत फेकतात. 47 हर्ट्झच्या खाली अशी बंद, टणक खोलीच आवाज उचलायला लागते. हिशेबाने सप्तकामागे 12 डेसिबलपर्यंत, दारं-खिडक्यांमुळे प्रत्यक्षात कमी. बंद पेटीचा बेस तेवढ्याच उताराने घसरतो. दोन्ही एकमेकांना सावरून घेतात, आणि छोटा बंद सब कागदावर दिसतो त्यापेक्षा खोल वाजतो. कूलरसाठी खिडकी उघडली की ही मदत आटते, पण त्या घरघरीत कोण 25 हर्ट्झ ऐकणार आहे!

वेगळ्या सबविरुद्ध एक जुना आक्षेप येतो: टॉवर दुरुस्तच का करू नये? जरूर करावा, मूळ बोर्ड मिळत असेल तर. बाजारातला साधा बोर्ड वूफरला जोडला की तो वाजतो, पण मूळ बोर्डात त्याच वूफरसाठी बांधलेली बेसची उचल आणि मर्यादा असते. ती नसेल तर एक तर खोल बेस जातो, नाही तर कॉइल जळते. आणि मूळ बोर्ड का गेला तेही बघा. कॅपॅसिटरचं आयुष्य दर 10 अंश वाढीला साधारण निम्मं होतं. बंद पेटी, बाहेर 42-44 अंश आणि वर-खाली होणारा विजेचा दाब यात नवा बोर्डही त्याच वाटेने जाऊ शकतो. म्हणून सब घेताना अॅम्प्लिफायरची मागची प्लेट स्क्रूने सुटते का, हे वॅटच्या आधी विचारावं. रिसीव्हर नसून साधा स्टिरिओ अॅम्प्लिफायर असेल तर स्पीकरच्या तारा थेट घेणारा हाय लेव्हल इनपुटही हवा.

दुकानात ऐकून मात्र ठरवू नका. शटर वर केलेलं दुकान म्हणजे चौथी भिंत नसलेली खोली. तिथे 47 हर्ट्झ फुगतच नाही. सब घरी आणून लावून बघायला देणारा दुकानदार गाठा. घरी बातम्या लावून फेजचं बटण 0 आणि 180 वर फिरवा. ज्या बाजूला निवेदकाचा आवाज भरदार होतो आणि पडद्यापासून हलत नाही, ती ठेवा. दोन्हीकडे पोकळच लागला तर क्रॉसओव्हर आणखी 10 ने वर न्या आणि पुन्हा ऐका.