ज्युपिटरच्या राजदंडाखाली गोवा

आजचा भाग एका कापडावर आहे. साधारण १५३० साली ब्रुसेल्समध्ये विणलेलं. लांबी-रुंदी दोन्ही तीन मीटरच्या वर. लोकर, रेशीम आणि सोन्याचांदीची जर. याला टॅपेस्ट्री म्हणतात. आज ते माद्रिदला, स्पेनच्या राजसंग्रहात आहे.

टॅपेस्ट्री म्हणजे भरतकाम नाही, छपाई पण नाही. चित्र विणतानाच तयार होतं. प्रत्येक रंगाचा आडवा धागा आपल्या भागापुरताच जातो आणि शेजारचा रंग आला की मागे वळतो. येवल्याच्या पैठणीचा पदर बघा, मूळ तंत्र तेच. मोराचा हिरवा धागा मोरापाशीच वळतो. आपल्या भाषेत सांगायचं तर एकेक पिक्सेल हाताने भरलेला.

आता चित्राकडे या. मधे पृथ्वीचा भलामोठा गोल. त्याच्या दोन बाजूंना ज्युपिटर आणि जूनो. ज्युपिटर म्हणजे रोमन लोकांच्या देवांचा राजा. विजेचं अस्त्र बाळगणारा, आपल्या इंद्रासारखा. जूनो त्याची राणी. पण अभ्यासक सांगतात, हे दोघे म्हणजे पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव आणि त्याची राणी कॅथरीन! गोलावर आफ्रिका दिसते, हिंदी महासागर दिसतो, आपला किनारा दिसतो आणि त्यावर पोर्तुगालची निशाणं. राजदंडाचं टोक लिस्बनवर.

हे खरं किती होतं? गोवा आल्बुकर्कने १५१० मध्ये आदिलशाहीकडून घेतला होता. चौलला १५२१ मध्ये किल्ला सुरू झाला होता. दक्षिणेला कोची, कण्णूर. वसई आणि दीव तर अजून मिळायचे होते, ते १५३४ आणि १५३५ मध्ये. किनाऱ्यावरची अशी मोजकी ठाणी, बस. आत विजयनगर होतं, आदिलशाही होती, निजामशाही होती. आपल्या खानदेशात फारुकी सुलतान होते, राजधानी बुऱ्हाणपूर. त्यांच्यावर लिस्बनचा हुकूम चालत नव्हता.

मग पृथ्वीचा अख्खा गोल का विणला? आधीचं एक वर्ष बघा. १५२९ मध्ये झारागोझाचा तह झाला. मसाल्याची बेटं कुणाची, हा पोर्तुगाल आणि स्पेनमधला वाद. जुआंवने साडेतीन लाख ड्युकॅट मोजून स्पेनच्या पाचव्या चार्ल्सचा हक्क बाजूला सारला. आणि हा चार्ल्स कोण? राणी कॅथरीनचा सख्खा भाऊ. म्हणजे घरातलंच भांडण, पण जग वाटून घ्यायचं.

आता लक्षात येईल, इथे देवांचं काम काय ते. ठाणी मोजली तर हिशेब लगेच उघडा पडतो. देवाच्या हाती पृथ्वी दिली की मोजणीचा प्रश्नच राहत नाही. शिवाय टॅपेस्ट्री गुंडाळून नेता येते, लग्नात, दरबारात, पाहुण्या राजापुढे टांगता येते. जरीची किंमत बघणाऱ्याला न सांगता कळते. त्या काळची ही जाहिरात समजा.

हा रोमन थाट कापडापुरता राहिला नाही. १५४७ मध्ये दीवचा वेढा मोडून परतलेला गव्हर्नर जुआंव द कास्त्रो गोव्यात शिरला, तो जुन्या रोमन सेनापतीसारखी विजययात्रा काढून. त्या मिरवणुकीचीही पुढे टॅपेस्ट्री झाली. दहा टॅपेस्ट्रींची ती मालिका आज व्हिएन्नात आहे. गोव्याच्या रस्त्यावर नाटक झालं आणि त्याचं चित्र युरोपात गेलं.

गोलावर आपला किनारा आहे. पण तिथल्या कोळ्याला, व्यापाऱ्याला, सुलतानाला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून अशी चित्रं नुसती ‘काय सुंदर आहे’ म्हणून सोडून देऊ नका. सुंदर तर आहेच. विणकरांचे हात मोठेच होते, पण कुठला देव कुठे बसवायचा हे ठरवणारे ते नव्हते. पैसे देणारा वेगळा होता.

मोबाईलवर या टॅपेस्ट्रीचा फोटो उघडा आणि झूम करा. आधी आपला किनारा शोधा, मग राजदंड कुणाच्या हातात आहे ते बघा. काय दिसलं, ते आम्हाला जरूर कळवा.