वाफ, पाणी आणि ऊन : वहीत नाव कोणाचे?

वसंत व्याख्यानमालेत ‘स्वच्छ ऊर्जा’ या विषयावर बोलण्यासाठी चालकांनी एखादा इंजिनियर किंवा प्राध्यापक बोलावला असता, तर ते रीतीला धरून झाले असते. आमचे शाळेतले शिक्षण आठवीत थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयात. विजेचे शास्त्र सांगू गेलो तर आमची फजिती व्हायची. परंतु वीज कोठून आली, कोणाच्या घरी गेली आणि तिच्यापायी कोणाचे काय गेले, हा हिशेब मांडणे आम्हाला जमेल. गेली तीस वर्षे आम्ही दुसरे काही केलेले नाही.

कोळसा जाऊन त्याच्या जागी ऊन आणि वारा यावा, हे आम्हाला मनापासून हवे आहे. चंद्रपूर-कोराडीकडची माणसे राखेची धूळ किती वर्षे गिळत आली आहेत, हे तिकडच्या कामगारांच्या तोंडून आम्ही ऐकले आहे. पाऊस लहरी झाला, उन्हाळा चढत चालला, हे तर आपल्याकडच्या शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. प्रश्न एवढाच आहे की हा पालट कोणत्या अटींवर व्हावा. उत्तरासाठी फार दूर जावयाचे कारण नाही. असे पालट आपल्या मुलखाने यापूर्वीही पाहिले आहेत.

पहिला पालट आपल्या वेशीवरूनच गेला. पुण्याहून निघालेली आगगाडी १८५८ साली डिकसळपर्यंत आली आणि १८६० साली सोलापूरला पोचली. तोवर धान्य, मीठ, कापूस यांची ने-आण बैलांच्या पाठीवर चाले आणि लमाणांचे तांडे त्यावर जगत. वाफेच्या इंजिनाने तो धंदा एका पिढीत बसवला. ज्यांचा धंदा बसला त्यांना कोणी नोटीस दिली नाही की बदली काम दिले नाही. दर साल दसऱ्यानंतर आपल्या तालुक्यात ऊसतोडीला कोयते येतात, त्यांत त्या लमाणांची पणतवंडे आजही भेटतात.

पुढे वाफेचेही दिवस भरले. भारतातील रुंदमापी रुळांवरचे शेवटचे वाफेचे इंजिन १९९५ साली थांबले. आमचे एक चुलते एका मोठ्या स्थानकाच्या लोकोशेडमध्ये कोळशाच्या पाट्या वाहत आणि इंजिनाखालची राख उपसत. इंजिनावर जो फायरमन होता तो रेल्वेचा नोकर. डिझेल आले तेव्हा त्याला शिकवून डिझेल इंजिनावर सहायक म्हणून घेतले. आमचे चुलते ठेकेदाराचे माणूस. त्यांना एका संध्याकाळी ‘उद्यापासून येऊ नका’ एवढाच निरोप मिळाला. दोघांच्या अंगाला एकच काजळी लागलेली होती. एकाचे नाव हजेरीपटावर होते आणि दुसऱ्याचे नव्हते, इतकाच काय तो फरक. आज भिगवणच्या स्थानकावरून विजेच्या गाड्या जाताना दिसल्या की आम्हाला आनंद होतो. पण त्या पाट्यांची आठवणही झाल्याशिवाय राहत नाही.

हीच गोष्ट त्याच्या कितीतरी आधी मुंबईच्या गिरण्यांत घडून गेली होती. तेथे कामाचा दिवस सूर्यावर बेतलेला असे. उजाडले की भोंगा आणि अंधारले की सुटका. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० च्या जूनमध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, तेव्हा आठवड्यात एक दिवस तरी आपला झाला असे लोकांना वाटले. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले. उजेडाचे बंधन गेले आणि मालकांनी दिवस लांबवला. १९०५ च्या सुमारास काही गिरण्यांत माणसे चौदा-पंधरा तास राबू लागली. कामगारांनी दंगा केला, चौकशा झाल्या, आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. म्हणजे दिवा आधी आला आणि दिव्याखाली किती वेळ उभे राहायचे याचा नियम मागून आला. मधल्या वर्षांत किती डोळे गेले आणि किती छात्या खोकल्याने भरल्या, त्याची नोंद कोठे असेल असे वाटत नाही.

त्याच गिरण्यांसाठी टाटांनी सह्याद्रीतले पाणी अडवले. १९१५ साली खोपोलीला पाण्यावर वीज तयार होऊ लागली. बंगालचा कोळसा आणण्याचा खर्च वाचला, मुंबईचा धूर कमी झाला. आजच्या भाषेत ती अगदी स्वच्छ ऊर्जा होती. पुढचे धरण मुळशीला ठरले. तेथे मावळ्यांची शेते होती, भाताची खाचरे होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे त्यात होते, पांडुरंग महादेव बापट होते. बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. १९२७ साली भिरा येथे वीज सुरू झाली.

मुळशीचा इतिहास सांगताना सत्याग्रहींचे शौर्य सर्वजण सांगतात, आणि ते सांगावयासच हवे. एक गोष्ट मात्र क्वचित सांगितली जाते. मुळशी पेट्यातील बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर चढलेल्या होत्या. त्यांना भरपाईचा पैसा मिळणार होता; तेव्हा भरपाईची बोलणी सुरू झाली तशी त्यांची लढ्यातली गोडी आटली. खाचरात पिढ्यानपिढ्या उभा असलेला मावळा कागदावर कोठेच नव्हता. लोकोशेडचा हजेरीपट आणि मावळातला जमिनीचा दाखला हे एकाच जातीचे कागद आहेत. नाव असेल तो पुढच्या युगात जातो आणि नसेल तो मागच्या युगासकट पुरला जातो.

स्वराज्य आले, महाराष्ट्र राज्य झाले. १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली. आज कोयनेच्या सर्व टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॅट आहे. महाराष्ट्राचे कारखाने तिच्यावर वाढले याबद्दल वाद नाही. मात्र धरणग्रस्तांचे पुनर्वसन करण्याचा महाराष्ट्राचा कायदा झाला तो १९७६ साली. वीज आधी आणि कायदा चौदा वर्षांनी. कोयनेच्या उठवलेल्या गावांतल्या नातवंडांनाही म्हणून मोर्चे काढावे लागले.

आपले उजनी १९८० साली पुरे झाले. ते मुळात शेतीच्या पाण्यासाठी आहे. तेथला विजेचा संच १२ मेगावॅटचा. पाणी चढले तेव्हा आम्ही दहा वर्षांचे होतो. उन्हाळ्यात यशवंतसागर खाली गेला की पळसनाथाचे देऊळ वर येते. लोक ते पाहायला जातात, त्या वेळी आमच्या वयाची माणसे देवळापेक्षा आजूबाजूची शेते ओळखू पाहतात. ज्याची जमीन गेली त्याला मोबदला मिळाला. कमी मिळाला, उशिरा मिळाला, पण त्याचा रकाना तरी होता. त्याच जमिनीत खुरपणाऱ्या बाईचा रोज पाण्याखाली गेला, तो कोणत्या रकान्यात लिहावयाचा?

आता आजच्याकडे येऊ. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली निघाली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आला. शेतीपंपांना दिवसा वीज द्यावयाची, हा तिचा हेतू. हा हेतू किती मोलाचा आहे हे ज्याने थंडीच्या मध्यरात्री, पायाखाली काय आहे हे न दिसता, उसात दारे धरली आहेत त्यालाच ठाऊक. दुसऱ्या टप्प्यात खाजगी जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये आणि त्यावर दर वर्षी तीन टक्के वाढ ठरली. ग्रामपंचायतीला तीन वर्षे, वर्षाला पाच लाख रुपये अनुदान ठरले. हे करार आम्ही वाचले आहेत आणि त्यांत शेतकऱ्याचे नाव प्रथमच बऱ्या जागी आले आहे, असे कबूल करतो. परंतु पुष्कळ प्रकल्प गायरानांवर उभे राहत आहेत. त्या गायरानावर मेंढरे चारणाऱ्या मेंढपाळाचे नाव कोणत्याही उताऱ्यावर नसते. पट्ट्यांवरची धूळ पुसणारा आणि राखण करणारा मजूर पुन्हा ठेकेदाराचाच.

दुसरी स्वच्छ वीज आपल्या साखर कारखान्यांची. रस निघालेली उसाची चिपाडे, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जाते, वाफेवर टर्बाईन फिरते आणि कारखान्याची गरज भागून उरलेली वीज तारेवर जाते. मळीचे आणि रसाचे इथेनॉल होते, ते पेट्रोलमध्ये मिसळते. या सगळ्याच्या पहिल्या टोकाला पहाटे तीनला उठून फडात उतरणारे नवरा-बायको आहेत. त्या दोघांचा मिळून एक कोयता धरला जातो. त्यांचे नाव कारखान्याच्या हजेरीत शोधाल तर सापडणार नाही. ते मुकादमाच्या वहीत आहे आणि तेही उचलीच्या रकान्यात, म्हणजे देणेकरी म्हणून.

तिसरी गोष्ट साठवणीची. सूर्य संध्याकाळी मावळतो आणि घराघरांतले दिवे त्याच वेळी लागतात. आजच्या ऊर्जेपुढची सर्वांत अवघड अडचण हीच आहे. जून २०२५ मध्ये भारताच्या एकूण वीज-क्षमतेत कोळसा, वायू व तेल यांवर न चालणाऱ्या केंद्रांचा वाटा निम्म्यावर पोचला, तरी प्रत्यक्ष जळणारी बहुतेक वीज अजून कोळशाचीच आहे, ती मुख्यतः याच कारणाने. उपाय असा की दिवसा उन्हाच्या विजेने पाणी डोंगरावर चढवावे आणि रात्री ते खाली सोडून टर्बाईन फिरवावे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि राज्य सरकार यांच्यात अशा दोन प्रकल्पांचा करार झाला : शिरवटा १,८०० मेगावॅट आणि भिवपुरी १,००० मेगावॅट. म्हणजे शंभर वर्षांनी आपण पुन्हा त्याच मावळच्या डोंगरांत आलो आहोत. या खेपेस वहीत कोणाची नावे चढतात ते पाहावयाचे.

आणि पाण्यावर तरंगणाऱ्या सौर पट्ट्या? नर्मदेवरच्या ओंकारेश्वर धरणाच्या पाण्यावर असा प्रकल्प झालेला आहे. उद्या यशवंतसागरासाठी कोणी आराखडा आणलाच, तर भिगवणच्या मासळी बाजारात ज्याच्या जाळ्यातून मासा येतो, त्याच्या होडीची वाट त्या नकाशावर कोण काढणार?

कोणी म्हणेल, जग असेच चालते. तसे नाही. इंग्लंडात १९८४-८५ साली खाणकामगारांनी वर्षभर संप केला. तो मोडला गेला, खाणी भराभर बंद झाल्या आणि खाणीची गावे ओस पडली. २०२४ च्या सप्टेंबरअखेर तेथले शेवटचे कोळशाचे वीजकेंद्रही बंद झाले. जर्मनीतही दगडी कोळशाच्या खाणी बंद व्हायच्याच होत्या. तेथे २००७ साली सरकार, कंपनी आणि कामगार संघटना एकत्र बसल्या व २०१८ ही अखेर ठरवली. अकरा वर्षांत वयस्कांना पेन्शनीत काढले, तरुणांना दुसरी कामे दिली, आणि डिसेंबर २०१८ मध्ये बोट्रॉपची शेवटची खाण बंद झाली तेव्हा सक्तीने घरी बसवलेला कामगार नव्हता. कोळसा दोन्हीकडे गेला. एकीकडे तारीख आधी ठरली होती आणि नावे आधी लिहिली होती.

आपल्याला जर्मनीकडेही पाहायला नको. ज्याचा मालक रोज बदलतो अशा हमालाला नाव कोठे असणार, असे एके काळी मुंबईत विचारले जाई. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली आणि १९६९ साली कायदा झाला. त्याने मंडळे निर्माण केली, मंडळाच्या नोंदवहीत हमालाचे नाव चढले, आणि मालक कोणीही असो, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली. जे पाठीवर पोते वाहणाऱ्यासाठी झाले ते सौर पट्ट्या पुसणाऱ्यासाठी, ऊस तोडणाऱ्यासाठी आणि औष्णिक केंद्रातल्या ठेक्यावरच्या राखवाल्यासाठी होणार नाही, असे म्हणण्याला आधार नाही.

म्हणून आमचे मागणे थोडे आहे. कोणताही ऊर्जेचा प्रकल्प येवो, भूमिपूजनाआधी गावात एक यादी व्हावी. त्या जागेवर कोण जगतो : मालक, वाटेकरी, मजूर, मेंढपाळ, मासेमार. ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि करार तिच्यावरून व्हावा. कोळशाची केंद्रे बंद होतील तेव्हा तेथल्या ठेका कामगारांना नव्या कामावर पहिला हक्क असावा. आणि कारखान्याला वीज व इथेनॉल यांतून जे मिळते, त्यात फडातल्या कोयत्याचा वाटा लिहिलेला असावा.

येथे जमलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरी सातबारा आहे, पगारपत्रक आहे. त्यांचे नाव वहीत आहेच. या मंडळींनाच आमची विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेत जागेचा ठराव येईल तेव्हा हात वर करण्यापूर्वी उठून एवढे विचारा की यादी कोठे आहे. हा प्रश्न मुळशीला वेळेवर विचारला गेला नाही. आपल्याकडे अजून वेळ आहे.