रंध्याचं कूळ

मुंबईत मटण स्ट्रीटवरच्या चोरबाजारात जुना लाकडी रंधा हातात घेतला की बहुतेक गिऱ्हाइकं आधी ठोकळा बघतात. लाकूड काळं पडलेलं, मूठ गुळगुळीत झालेली, म्हणजे माल जुना, असा सरळ हिशेब. पण ठोकळ्यावरून रंध्याचं वय सांगणं धोक्याचं. पाचर सैल करून पातं बाहेर काढावं, तेव्हा कुठे त्याचं कूळ कळतं. आणि पुष्कळदा एका रंध्यात दोन कुळं निघतात. ठोकळा इथल्याच कुणा सुताराच्या हातचा असतो आणि पातं इंग्लंडातल्या शेफिल्डचं.

रंधा मुळात फार जुना. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत लोखंडी तळाचे रंधे सापडले आहेत. आपल्याकडे त्याचं नाव आलं ते फारसीतून. मुंबईत सुतारकामाला मोठा आश्रय दिला तो गोदीने. १७३६च्या सुमारास लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून सुतार घेऊन आले. त्यांच्या वंशजांनी १८१७ मध्ये मलबारी सागवानातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे. गोदीत वाकस आणि करवतीचं राज्य होतं, रंध्याचं काम त्यांच्यामागून.

रंध्याचे दिवस खऱ्या अर्थाने आले ते आगगाडी आणि गिरण्यांबरोबर. १८५३ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली, १८५४ला कावसजी दावर यांनी ताडदेवला कापडगिरणी काढली. पुढे परळ, लोअर परळ आणि माटुंग्याला रेल्वेची वर्कशॉपं उभी राहिली. तेव्हाच्या डब्यांच्या सांगाड्यापासून बाकांपर्यंत बरंच काम सागवानाचं. गिरणीतही धोटे आणि बॉबिनी लाकडाच्या, आणि पडझड दुरुस्त करायला सुतारखातं. इतक्या हातांना हत्यारं लागली. ठोकळा सुतार स्वतःच घडवायचा. बाभूळ किंवा शिसव मिळाली की काम भागायचं. पातं मात्र विकतचं.

त्याचं कारण पोलादात आहे. १७४०च्या दशकात शेफिल्डजवळ बेंजामिन हंट्समनने मुशीत पोलाद वितळवून एकजिनसी करण्याची रीत बसवली आणि ते गाव हत्यारांचं माहेरघर झालं. मुशीतलं पोलाद दक्षिण भारताला त्याआधी कितीतरी शतकं ठाऊक होतं, पण एकसारखी पाती कारखान्यातून काढून जहाजं भरून पाठवली ती शेफिल्डने. ही पाती आधी भायखळा-नागदेवीकडच्या दुकानांतून आणि मग परळ-लालबागच्या पेट्यांतून फिरली असतील, तर आज ती मिळतात भंगारवाल्याकडे.

पातं ओळखताना घाई करू नये. वरच्या टोकाजवळ ठसा असतो, तो गंजाखाली बुजलेला. तिथे रॉकेलचा बोळा फिरवून उजेडात तिरपं धरावं. ‘कास्ट स्टील’ अशी अक्षरं दिसली की काहीजण ते बीड समजून बाजूला ठेवतात. प्रत्यक्षात ती मुशीतल्या उत्तम पोलादाची ग्वाही आहे. ठशात तीन पानांचा शॅमरॉक दिसला तर कारखाना विल्यम मार्पल्स, मिस्टर पंच या बाहुल्याचं सोंग असेल तर आय. सॉर्बी, आणि कांगारू असेल तर रॉबर्ट सॉर्बी. देशाचं नाव ठसवलेलं असेल तर पातं बहुधा १८९०च्या आसपासचं किंवा त्यानंतरचं, कारण मालावर मूळ देश लिहिण्याची रीत तेव्हाच्या कायद्यांनी पक्की केली. आणखी एक खूण धारेवर मिळते. धार घासून चकचकीत केली की कडेला दोन रंग दिसतात. पुढचा पातळ थर पोलादाचा, मागचा जाड थर मऊ लोखंडाचा. महाग पोलाद जपून वापरायची ती जुनी युक्ती.

ठोकळ्याच्या लाकडात बारीक, चमकदार ठिपके-रेघा दिसल्या तर तो बहुधा बीच नावाच्या युरोपी झाडाचा, म्हणजे तो बोटीतूनच आला. मुंबईच्या पावसाळ्यात असं लाकूड फुगतं आणि उन्हाळ्यात आटतं. म्हणून इथल्या कारागिरांनी आपल्या लाकडावर भिस्त ठेवली, यात नवल नाही.

लोखंडी रंध्यांची वंशावळ वेगळी. लेनर्ड बेलीच्या रचनेचे हक्क अमेरिकेतल्या स्टॅन्ले कंपनीने १८६९ मध्ये घेतले आणि त्याचे रंधे आकड्यांनी ओळखले जाऊ लागले. ९ इंची चार नंबर, १४ इंची पाच नंबर. पातं दाबून धरणाऱ्या झाकणीचं भोक काजूच्या आकाराचं असेल तर रंधा १९३३नंतरचा. स्टॅन्लेवर ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर तो १९३०च्या दशकाच्या अखेरीनंतर शेफिल्डात झालेला. शेफिल्डचेच रेकॉर्ड छापाचे रंधे १९३१ला बाजारात आले.

याच ढिगात कधी एक चमत्कारिक फूटपट्टी हाती लागते. दुसऱ्या पट्टीशेजारी ठेवली की तिचा फूट १/८ इंच मोठा भरतो. ती चुकीची नाही. बीड थंड होताना फुटामागे साधारण तेवढं आखडतं, म्हणून साच्याचा लाकडी नमुना बनवणारा ती पट्टी वापरतो. भायखळ्याच्या रिचर्डसन अँड क्रूडास (१८५८) सारख्या कारखान्यांच्या शहरात अशा पट्ट्या असायच्याच.

पुढे रंध्याचा काळ मागे पडला. पेरांबूरच्या रेल्वे कारखान्यात १९५५पासून पोलादी डबे होऊ लागले, घरात प्लायवूड आणि सनमायका शिरलं. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि सुतारखात्यांचं सामान विक्रीला निघालं.

अशा रंध्याची दुरुस्ती करायची तर पहिला नियम हा, की त्याला नवा करायचा नाही. गंज काढायला पातं रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवावं, घासून धुवावं, ताबडतोब कोरडं करून तेल लावावं. मशीनच्या चाकावर धार काढायचा मोह आवरावा. कड निळी झाली की पोलादाचं पाणी उतरलं, मग ती धार टिकत नाही. काचेवर पॉलिश पेपर ठेवून हाताने पात्याची बिनउताराची बाजू सपाट करावी आणि धार २५ ते ३० अंशांवर आणावी. तळ पुन्हा पुन्हा रंधल्याने तोंड मोठं होतं. तिथे चिरून नव्या लाकडाची पट्टी बसवली तर ठोकळा वाचतो. आधीच्या कुणी पितळेची पट्टी ठोकली असेल तर ती उपटू नये, ती त्या रंध्याच्या आयुष्यातलीच गोष्ट आहे. टोकावर खिळ्याने किंवा ठशाने मारलेली मालकाची आद्याक्षरं आणि सरकारी मालाची बाणाची खूण, यांच्यावर सँडपेपर नको.

वर्षातून एकदा ही सफाई आपल्याकडे पूर्वीही व्हायचीच. खंडेनवमी-दसऱ्याला हत्यारं धुऊन, तेल लावून, झेंडूसह पुजली जातात. सुतारांच्या घरी माघ शुद्ध त्रयोदशीच्या विश्वकर्मा जयंतीलाही ती मांडली जातात.

बाजार मात्र पात्याची लांबी बघून भाव ठरवतो. लांब पातं म्हणजे कमी झिजलेलं, म्हणून महाग. झिजून आखूड झालेलं पातं स्वस्तात मिळतं. कुळाच्या दृष्टीने हिशेब उलटा लागतो, कारण त्याची प्रत्येक घासलेली धार म्हणजे कुणाचं तरी एक काम पुरं झालेलं. आखूड पातं आधी उचलावं, फक्त धार लावण्याइतकं पोलाद अजून शिल्लक आहे ना, एवढं तपासून.